मिठानं खाल्लेलं कॅथेड्रल

सौदीतल्या जिझानच्या हॉस्पिटलात नर्स म्हणून मी रुजू झाले, तेव्हा हॉस्टेलच्या माझ्या खोलीत आधीपासून एक युक्रेनची बाई राहत होती. पन्नाशीची, उंच, हाडापेरानं दणकट. फिजिओथेरपिस्ट होती. तिचं गाव काळ्या समुद्राकाठी. तिथे लोक हवापालटाला येतात, समुद्रातला काळा चिखल अंगाला फासून सांधेदुखी घालवतात. अशाच एका सॅनिटोरियममध्ये तिची निम्मी हयात गेली होती. सोव्हिएत देश फुटला, सॅनिटोरियम बंद पडलं आणि ती इकडे आली. मी तिला मॅडम म्हणायची, ती मला सिस्टर. दोघींचंही इंग्रजी मोडकंतोडकंच, त्यामुळे एकमेकींचं बरोबर कळायचं.

समुद्र हॉस्टेलपासून जवळ होता, पण दिसायचा नाही. खिडक्यांच्या काचा बाहेरून रंगवलेल्या होत्या. समुद्र कळायचा तो फक्त भिंतींवरून. पलंगामागचा गिलावा फुगून त्याचे पापुद्रे पडायचे. मी पेणच्या बाजूची, मिठागरांच्या शेजारी वाढलेली. मी म्हटलं, "खार चढलाय. कितीही रंग द्या, राहणार नाही."

मॅडमनं उकिडवं बसून पापुद्र्याला बोट लावलं आणि ते जिभेवर टेकवलं. मग उठून दाराची कडी नीट लागली आहे का ते पाहिलं आणि खिडकीतला जुना एसी पूर्ण वाढवला. एसी घरघरायला लागला.

"आमच्या कॅथेड्रलच्या भिंतीही अशाच आहेत," ती म्हणाली.

आमच्या खोलीत गप्पा व्हायच्या त्या अशा, एसीच्या आवाजाखाली. देवाधर्माचं काही मोठ्यानं बोलायचं नाही हे इथे आल्याबरोबर कळतं, कुणी सांगावं लागत नाही. माझा गणपती कपाटात साड्यांच्या घडीत होता. तिचा क्रॉस कुठे होता, मी कधी विचारलं नाही.

ड्यूटीवरून आलो की चहा घेता घेता ती मला त्या कॅथेड्रलची हकीकत सांगायची. गावाच्या टोकाला समुद्रात घुसलेल्या खडकावर ते बांधलेलं. निम्मं काम हवापालटाला येणाऱ्या श्रीमंतांच्या देणग्यांतून झालं, निम्मं कोळ्यांच्या अंगमेहनतीतून. मोठा घुमट निळा. धुक्यातून परतणाऱ्या होड्यांना आधी तो दिसायचा, मग गाव. पुढे राज्य बदललं, देव न मानणारे आले. धर्मगुरूला एका सकाळी गाडीत घालून नेलं, तो पुन्हा कुणाला दिसला नाही. घंटा उतरवल्या. घुमटावरचा क्रॉस काढायला कुणी तयार होईना, तेव्हा बंदरातल्या दोरकाम करणाऱ्या एका माणसाला वर चढवलं. मग त्या रिकाम्या चर्चमध्ये खारवलेल्या मासळीची पिंपं ठेवायला लागले. वर्षानुवर्षं ते मीठ पाझरून जमिनीत, भिंतींत मुरलं. देश फुटल्यावर चर्च परत मिळालं, चितारी आले, भिंतींवर संत रंगवले. वर्ष होतं न होतं तोच संतांच्या चेहऱ्यांवर पांढरी बुरशी आल्यासारखं मीठ फुटायला लागलं.

"आधी डोळे जातात," मॅडम म्हणाली. "का ते माहीत नाही. पण आधी डोळेच जातात."

हॉस्टेलमध्ये लादी पुसायला एक इथिओपियन बाई यायची. डोक्यावरचा रुमाल कपाळापर्यंत घट्ट ओढलेला असायचा. एकदा बादली उचलताना तो सरकला आणि कपाळावर गोंदलेला छोटा क्रॉस दिसला. तिनं घाईघाईनं रुमाल खाली ओढला. मॅडमनं स्वतःच्या छातीवर बोटांनी क्रॉसची खूण केली. त्या बाईच्या हातातली बादली तशीच राहिली. दोघी ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती, पंथ वेगळे पण जवळचे. भाषा मात्र चार अरबी शब्दांपलीकडे सामाईक नव्हती.

तेव्हापासून ती आमच्या खोलीची लादी जरा जास्तच वेळ पुसायला लागली.

हॉस्टेलची वॉर्डन सुदानची होती. वाईट नव्हती. आजारी पडलं की स्वतः सूप आणून द्यायची. एक दिवस जिन्यात तिनं मला थांबवलं.

"तुमच्या खोलीतला एसी फार आवाज करतो," ती म्हणाली.

"जुना आहे," मी म्हटलं.

"जुना तर सगळ्यांचाच आहे." आजूबाजूला बघून तिनं आवाज उतरवला. "इतका वाढवला की लोक कान देतात. मलाही वरून विचारणा होते. मी किती दिवस काही माहीत नाही म्हणू?"

खोलीत येऊन मी मॅडमला सगळं सांगितलं. त्या आठवड्यात फाटकासमोर एक पांढरी गाडी उभी राहायला लागली होती. आत कुणी आहे की नाही, काळ्या काचांमुळे कळत नव्हतं.

"ईस्टर होऊ दे," मॅडम म्हणाली. "मग बंद."

"मॅडम, या वर्षी नका करू."

"एकच गोष्ट करायची आहे. ती इथेच करता येईल, तिकडे नाही."

तिला काय म्हणायचं होतं, तेव्हा मला कळलं नाही.

ईस्टर रविवारी, पण रविवारी ड्यूटी. म्हणून सुटीचा शुक्रवार ठरला. मी मेसमधून कांद्याची सालं गोळा करून आणली. त्यात अंडी उकडली की तांबूस होतात, ईस्टरला लागतात तशी. दुपारी जेवणं आटोपून हॉस्टेल पेंगत होतं, तेव्हा इथिओपियन बाई बादली घेऊन आली. एसी आम्ही मुद्दामच लावला नाही. इतकी शांतता की स्वतःचा श्वास ऐकू येत होता. मॅडमनं केकवर लावतात तसली छोटी मेणबत्ती पेटवली.

"घुमटावर चढला तो माणूस," ती माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "माझा आजोबा."

मी हातातलं अंडं खाली ठेवलं.

"नाही म्हणाला असता तर त्यालाही नेलं असतं. घरात तीन लहान मुलं होती. तो चढला. त्यानंतर आजीनं त्याला कधी हाक मारली नाही. पुढ्यात ताट ठेवायची आणि निघून जायची. तो म्हातारा होऊन मेला, तरी ती बोलली नाही. मरताना मला बजावून गेली, त्याचं नाव कॅथेड्रलमध्ये घ्यायचं नाही. आमच्यात मेलेल्यांची नावं घेऊन प्रार्थना करतात. मी त्याचं नाव कधी घेतलं नाही. आजीला शब्द दिला होता. पण शब्द कॅथेड्रलपुरता होता."

तिनं डोळे मिटले. इथिओपियन बाईनं मान खाली घातली. मॅडम तिच्या भाषेत पुटपुटायला लागली आणि दार वाजलं.

पुन्हा वाजलं, या खेपेला जोरात. इथिओपियन बाईनं माझा दंड पकडला. तिची नखं रुतली. मी मॅडमकडे पाहिलं. ती थांबली नाही. दारावर थापा पडत होत्या आणि ती सावकाश, एकेक शब्द पुरा करत बोलत राहिली. मग एक नाव स्पष्ट, मोठ्यानं उच्चारलं. एकदा, आणि पुन्हा एकदा. मेणबत्ती विझवली आणि स्वतः उठून दार उघडलं.

दारात वॉर्डन होती, मागे प्रशासनाची दोन माणसं. वॉर्डन कुणाकडेच बघत नव्हती. खोलीत मेणाचा वास भरलेला होता.

"हे सगळं माझं," मॅडम म्हणाली. "सिस्टर इथे राहते म्हणून आहे. ही बाई लादी पुसायला आली."

"आम्ही चहा पीत होतो," मी म्हटलं. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

त्यांनी मेणबत्ती, अंडी, मॅडमच्या उशीच्या अभ्र्यात शिवलेला क्रॉस, सगळं एका पिशवीत घातलं. माझं कपाट उघडलं, वरच्या साड्या चाचपल्या आणि बंद केलं. इथिओपियन बाईला रुमाल वर करायला सांगितलं. तिनं केला.

मॅडमला खुरूज मिळाला, म्हणजे कायमचं परत पाठवणं. जाताना तिनं मला मिठी मारली आणि कानात म्हणाली, "माझं काम झालं. तू रडू नकोस." ती खरंच हलकी वाटत होती. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

इथिओपियन बाई त्या दुपारनंतर दिसली नाही. मी वॉर्डनला विचारलं. तिनं माझ्या तोंडावर हात ठेवला. "खलास," ती म्हणाली. अरबीत म्हणजे पुरे. "तिच्याबद्दल विचारू नकोस. तुझ्यासाठी सांगते."

वर्षभरानं हॉस्टेलच्या फोनवर मॅडमचा फोन आला. सॅनिटोरियम पुन्हा सुरू झालं होतं, तिला तिथेच काम मिळालं होतं. मागे कुणी तरी हसत होतं, भांडी वाजत होती. मला बरं वाटलं.

"आणि ती?" तिनं विचारलं. "आपली ती?"

शेजारच्या प्रशासनाच्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. मी रिसीव्हर कानाशी दाबून धरला आणि म्हटलं, "इकडे सगळं ठीक आहे, मॅडम."

पलीकडे तिनं कुणाला तरी दटावलं, हसणं आणि भांडी थांबली. माझ्या उत्तराचा अर्थ तिला कळला होता.