तडकरावाचा आवाज

अमरावतीत राजापेठेच्या मागच्या गल्लीत देवमन इंगळे यांना सगळे ओळखतात ते त्यांच्या आवाजामुळे. वेल्डिंगच्या दुकानात ग्राइंडर चालू असला तरी त्यांचं बोलणं रस्त्यापलीकडे ऐकू येतं, आणि ते बहुतेक वेळा चिडलेलंच असतं. दुकानासमोर कोणी आडवी गाडी लावली, लाइट गेली, पाइप पातळ निघाला, की देवमन सुरू. नवीन गिऱ्हाईक दचकतं. जुने लोक म्हणतात, "आज तापले वाटते," आणि आपलं काम सांगून मोकळे होतात.

देवमन मूळचे अमरावतीचे नव्हेत. अकोला आणि अमरावतीच्या मधे पूर्णेच्या काठाने खारपाणपट्टा आहे, तिथल्या एका गावात त्यांचं दुकान होतं. त्या पट्ट्यात विहीर खणा की बोअर मारा, मीठ कालवल्यासारखं पाणी लागतं. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. लोक तेच पाणी पितात आणि पुढे कोणाकोणाच्या किडन्या जातात. गावात नळयोजनेची टाकी बांधून झाली होती, घरोघर नळही बसले होते. टाकीची लोखंडी शिडी देवमन यांनीच वेल्ड करून दिली. टाकीत पाणी मात्र कधी चढलं नाही.

त्यांची बायको शकुन हिच्या दोन्ही किडन्या गेल्या. डायलिसिससाठी सारखं अमरावतीला यावं लागे, म्हणून देवमन यांनी दुकान उचललं आणि राजापेठेत आणलं. त्यानंतर शकुन दीडेक वर्ष जगली. ती पहिल्यांदा भरती झाली तेव्हापासून देवमन पाण्याच्या ऑफिसात फोन करू लागले. निदान गावात गोड्या पाण्याचा टँकर तरी पाठवा, बाकीच्यांचं असं व्हायला नको, एवढंच मागणं होतं. ती गेल्यावरही फोन थांबले नाहीत.

त्यांची एकुलती एक मुलगी दीपमाला. ॲनिमेशनचा कोर्स करून ती राजापेठेतल्या एका ट्यूशन क्लासमध्ये लागली. फिजिक्सच्या धड्यांसाठी हलती चित्रं बनवायची, हे तिचं काम. पण तिचं नाव झालं ते दुसऱ्याच गोष्टीने. अंतराळातले जुने गाजलेले सिनेमे असतात ना, ग्रहच्या ग्रह उडवणारा सम्राट, उडत्या तबकड्या, बिघडलेले यंत्रमानव, त्यांची विडंबनं ती कार्टूनमध्ये करून मोबाइलवर टाकायची. तिच्या कार्टूनमधले सगळे वऱ्हाडी बोलत. पृथ्वी जिंकायला आलेले हिरवे प्राणी अमरावतीजवळच्या वलगावला उतरतात आणि शेतकरी त्यांना शेताचा बांध दाखवून ओरडतो, "तबकडी धुऱ्यावर लाव, तुरीत नोको!" अमरावतीपासून अकोल्यापर्यंत पोरं हे बघून लोळत होती.

ही आवड आईची. टीव्हीवर असा सिनेमा लागला की शकुन भांडी टाकून येऊन बसे. चकाकतं जहाज पडद्यावर आलं की तिचा एकच प्रश्न असे. "एवढे लोक हायेत त्या जहाजात, पानी कुठून आनत असन?" दीपमालाची पहिली कार्टूनं याच प्रश्नातून निघाली.

देवमन यांना मुलगी काहीतरी चित्रं काढते एवढंच माहीत होतं. मोबाइल त्यांच्या लेखी फोन करायला.

एकदा वलगावला एका फाटकाचं माप घेऊन ते ऑटोने परत येत होते. शेजारी बसलेला माणूस मोबाइल बघून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसत होता. आणि त्या मोबाइलमधून देवमन यांना स्वतःचाच आवाज ऐकू आला.

"अरे, मानूस मरून राहिलं इथं अन् तू मले उद्या ये म्हनतं! तुया घरी हाये का असं पानी? पिऊन दाखव एक गिलास!"

त्यांनी वाकून पाहिलं. पडद्यावर काळ्या झग्यातला एक सम्राट आपल्या जहाजाच्या संडासात डबा घेऊन उभा होता आणि नळाला पाणी नाही म्हणून थयथयाट करत होता. त्याच्या तोंडावर वेल्डिंगचा मुखवटा होता. देवमन यांचाच, डाव्या बाजूला पोचा पडलेला.

"कोन हाये हा?" त्यांनी विचारलं.

"तडकराव सम्राट! पाह्यलं नाही तुमी? लय भारी हाये."

देवमन मधेच उतरले आणि उरलेलं अंतर चालत आले.

दीपमाला घरात कॉम्प्युटरसमोर बसली होती. ते दारातूनच म्हणाले, "तडकराव कोन हाये?"

तिने वळून पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. "बाबा, बसा पह्यले."

"बसत नाही. आवाज कोनाचा हाये तो?"

"तुमचा."

"कधीचा?"

तिने कॉम्प्युटरचा पडदा बंद केला.

"मी सांगतो कधीचा. तुयी माय दवाखान्यात होती तवाचा. व्हरांड्यात उभा राहून बोललो होतो मी. कुठून आनला तू?"

देवमन यांच्या जुन्या फोनमध्ये प्रत्येक कॉल आपोआप रेकॉर्ड होत होता. त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. नवा फोन घेतला तेव्हा दीपमालाला ते सगळे कॉल सापडले होते. तिने हे सांगितलं तसा देवमन यांचा आवाज गल्लीभर गेला.

"मायच्या मरनाचं बोलनं लोकायले हसाले देलं तू? संडासात उभा केला मले?"

दीपमालाही त्यांचीच मुलगी. ती ताडकन उठली. "मंग काय करू? चार वर्षं झाले तुमी वरडून राहिले फोनवर. कोनं आयकलं? एकानं तरी? मी टाकलं तर लाखभर लोकायनं आयकलं!"

"आयकलं नाही, दीपे. हसले."

ती रडायला लागली, पण राग तिचाही उतरला नव्हता. तिने सांगितलं, तडकरावाचं पहिलं चित्र तिने दवाखान्यातच काढलं होतं. आईला दाखवलं तर आई नळ्या लावलेल्या हाताने तोंड दाबून हसली होती. "अवं, हे तं तुयाच बापाचं थोबाड हाये," म्हणाली होती. तडकराव हे नावही आईनेच ठेवलं.

देवमन यांनी ते ऐकून घेतलं. "तिले हसाचा हक्क होता," ते म्हणाले. "त्या ऑटोतल्या मानसाले कोनं देला?"

त्यांनी मुलीशी बोलणं सोडलं. पाटावर बसायचे, जेवायचे, उठून जायचे. दुकानात एखादं पोरगं लांबून "पिऊन दाखव एक गिलास!" ओरडून पळायचं. पूर्वी देवमन यांनी त्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. आता ते एकदम गप्प होत, कारण तोंड उघडलं की आपला आवाज सम्राटासारखा लागेल, ही धास्ती. गल्लीत पहिल्यांदाच ग्राइंडरचा आवाज त्यांच्यापेक्षा मोठा झाला. दीपमालाने ते कार्टून काढून टाकलं, पण लोकांनी उतरवून घेतलं होतं, ते फिरतच राहिलं.

एका रविवारी सकाळी ते तिच्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

"पुरा फोन आयकव मले. कापलेला नाही. पुरा."

"नोका आयकू, बाबा."

"लाव म्हनतो ना."

तिने लावला. सुरुवातीला त्यांनी गावाचं नाव सांगितलं होतं. मग शकुनचं नाव, तिचा आजार, टाकी कशी कोरडी आहे ते. हात जोडल्यासारखं मऊ बोलणं. आपण इतकं मऊ बोलू शकतो हेही ते विसरले होते. मग ते वाक्य आलं. आणि देवमन ओरडत असताना पलीकडून आणखी एक आवाज येत होता. ऑफिसातला माणूस हसत होता. त्याने फोन बहुतेक शेजारच्यांना ऐकवला असावा, कारण हसणारे दोघं-तिघं होते. "आयका, आयका, काय तापलं बुढं," असं स्पष्ट ऐकू आलं. त्या दिवशी ओरडण्याच्या भरात देवमन यांना त्यातलं काहीच कळलं नव्हतं.

"हे कापलं होतं मी," दीपमाला म्हणाली. "तुमाले समजू नये म्हनून."

देवमन यांच्या कपाळाची शीर टरारून फुगली. पण ते ओरडले नाहीत. "आता हे कापू नोको," ते म्हणाले. "नवीन बनव. मायं पुरं बोलनं टाक, तुया मायचं नाव टाक, अन् हे हसनं टाक. मुखवटा राहू दे."

पुढचे काही रविवार बापलेक त्या कॉम्प्युटरसमोर बसले. भांडण दर वेळी होई. दीपमाला म्हणायची, दोन विनोद तरी ठेवू, नाहीतर कोणी पाहणार नाही. देवमन म्हणायचे, "नोको पाहू दे." शेवटी तिने सम्राटाचं जहाज तसंच ठेवलं, ग्रह उडवणारी तोफही ठेवली. आत सम्राटाची राणी खाटेवर आहे, तिला नळ्या लावल्यात, आणि एवढा मोठा सम्राट फोन धरून पाणी मागतोय. पलीकडे दहा हातांचा एक परग्रहावरचा कारकून दहाही हात टेबलावर टाकून हसतोय. हसण्याचा आवाज खरा.

ते टाकलं, आणि पुष्कळांना आवडलं नाही. विनोद कुठे आहे, असं लोकांनी लिहिलं. बोअर झालं, आधीचं भारी होतं. काही जण तरीही तडकरावाला हसले. दीपमाला वाचून दाखवायची आणि देवमन एकेकाचा उद्धार करायचे. गल्लीला त्यांचा आवाज परत मिळाला.

पण अकोला जिल्ह्यातल्या एका गावाहून सुंदराबाई नावाच्या बाईने देवमन यांचा नंबर शोधून फोन केला. नवरा डायलिसिसवर, गावात तेच पाणी. "मले ऑफिसात कोनी उभं करत नाही, भाऊ," ती म्हणाली. "तुमी याल का संगं? तुमचा आवाज मोठा हाये."

देवमन गेले. अकोल्याच्या ऑफिसात साहेबांच्या केबिनबाहेर दोघांना बसवून ठेवलं. जेवणाची सुट्टी होऊन गेली तरी आत बोलावलं नाही. मग देवमन उठले. शिपाई म्हणाला, "काका, आवाज कमी." देवमन म्हणाले, "कमीच हाये हा," आणि दार ढकलून आत गेले. आत बसलेल्या एका तरुण कारकुनाने त्यांचं बोलणं ऐकून दचकून वर पाहिलं. त्याने आवाज ओळखला होता. तो हसला नाही.

सुंदराबाईच्या गावात टँकर सुरू झाला. तो नियमाने येतो असं नाही. बंद पडला की देवमन पुन्हा अकोल्याला जातात. त्यांच्या स्वतःच्या गावातली टाकी अजून कोरडी आहे. शिडीला गंज चढलाय, असं गावाहून कळलं. ते ऐकल्यापासून देवमन धुमसतायत. दीपमालाने परवा विचारलं, पुढच्या कार्टूनसाठी बोलाल का. ते म्हणाले, "लिहिलेलं पह्यले मले वाचून दाखव," आणि हातातली सळई भट्टीसारखी तापेपर्यंत वेल्डिंग करत राहिले.