साबणाची डबी आणि धाकटी सिस्टर

आमच्या घरात ख्रिस्ती मठातल्या पदांची सर्वांत जास्त माहिती मला आहे. हे मी आजही म्हणते. फक्त आता कुणी ऐकून घेत नाही.

चार वर्षं मी देवासच्या एका कॉन्व्हेंट शाळेत संस्कृत शिकवत होते, तेही टेम्पररी! एप्रिलमध्ये निरोप, जूनमध्ये पुन्हा बोलावणं. मधले दिवस मी झोपाळ्यावर बसून स्वप्नं बघायची. (हा माझा जुनाच आजार आहे. दूध मी कधीच वेळेवर उतरवलेलं नाही.) स्वप्न ठरलेलं असे: एक लांबट पांढरं पाकीट, आत 'कायम' हा शब्द, आणि मी शाळेच्या व्हरांड्यातून हळूहळू चालते आहे, अंगावर कडुलिंबाचा मोहर पडतो आहे. शाळेत कडुलिंब नाही, पण स्वप्नात कोण अडवणार!

त्या पाकिटावर सही करणार शाळेच्या मॅनेजर, म्हणजे मठाच्या सुपीरियर सिस्टर रोझलिन. म्हणून त्या चैत्रात गौरीच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलवायचं मी ठरवलं. ईस्टर होऊन गेला होता, उपास संपले होते, मुहूर्त उत्तम होता.

प्रश्न होता सासूबाईंचा. त्यांचं माहेर थोरल्या पातीच्या दरबारातलं. (देवासात एके काळी दोन राजे होते, थोरली पाती आणि धाकटी पाती. राज्यं गेली, पण पहिला पाट कुणाचा, हा वाद आमच्या घरात अजून शिल्लक आहे.)

"मानपान कसा करायचा ते आधी सांग," त्या म्हणाल्या. "नंतर बोल लागायला नको."

मी खुललेच! "आई, फादर म्हणजे धर्मगुरू, मिस्सा, म्हणजे चर्चमधली मोठी पूजा, तेच करतात. ब्रदर व्रतं घेतात, पण मिस्सा करत नाहीत. सिस्टर म्हणजे व्रत घेतलेल्या बाया. व्रतं घेण्याआधी शिकत असते ती नॉव्हिस. मठाची प्रमुख ती सुपीरियर, अनेक मठांवर प्रोव्हिन्शियल. आणि सगळ्या इलाख्याच्या चर्चवर बिशप."

"म्हणजे बिशप सरसुभेदार, फादर उपाध्ये आणि सुपीरियर किल्लेदार," सासूबाईंनी निकाल दिला. "आणि त्या सवाष्ण की कोण?"

"आई, त्या लग्न करत नाहीत. जन्मभर देवाच्या. शेवटची व्रतं घेतात तेव्हा बोटात अंगठीसुद्धा घालतात."

सासूबाई पन्ह्यासाठी कैऱ्या सोलत होत्या. त्यांची सुरी थांबली.

"देवाच्या? म्हणजे यांना वैधव्यच नाही! अगं, आपल्या सगळ्यांपेक्षा मोठ्या सवाष्णी या!"

यावर मी काही बोलणार, तेवढ्यात पन्ह्यासाठी कुटलेल्या वेलचीचा वास आला, झोपाळा कुरकुरला, आणि माझ्या व्हरांड्यात मोहर पडायला लागला. सासूबाई पुढे बरंच विचारत होत्या. मी "हं" म्हणाले. मग आणखी एकदा "हं" म्हणाले. कशाला ते मला नंतर कळलं.

हळदीकुंकवाच्या दिवशी दारात रिक्षा थांबली आणि एकीच्या जागी दोन सिस्टर उतरल्या. सिस्टर रोझलिन केरळच्या, उंच, हसऱ्या. त्यांच्यामागे एक बारकीशी, पिशवी सांभाळणारी.

"मॅडम, ये सिस्टर अ‍ॅग्नेस हैं, पिछले हफ्ते धार से आई हैं. हम लोग अकेले नहीं निकलते ना, तो इनको भी ले आई."

"अरे वा, आइए ना, आइए!" मी म्हणाले, आणि त्याच गोड चेहऱ्यानं सासूबाईंकडे वळून मराठीत म्हणाले, "आई, ही एक जास्तीची आली."

इथे एक सांगितलं पाहिजे. देवासात मराठी हा आमचा चोरकप्पा आहे. भाजीवाल्यासमोर, डॉक्टरसमोर, व्याह्यांसमोरसुद्धा आम्ही नवरा-बायको चेहरा न बदलता मराठीत हवं ते बोलून घेतो. आजवर कुणी पकडलं नव्हतं!

"वाण एकच काढलंय, चांदीचा करंडा," सासूबाई हसत हसत म्हणाल्या. "धाकटीला काय द्यायचं?"

"कपाटात ती हिरवी साबणाची डबी आहे बघा, गेल्या वर्षी कुणीतरी आपल्याला खपवलेली. तीच द्या. नोकरी काय ती देणार आहे?"

"आणि बसवू कुठे?"

"खुर्च्या संपल्यात. दाराजवळ त्या वेताच्या मोढ्यावर बसू दे. दिसायलाही गरीब आहे बिचारी."

सिस्टर अ‍ॅग्नेस अगदी प्रसन्नपणे मोढ्यावर बसल्या. वाटली डाळ त्यांनी दोनदा घेतली. मी सिस्टर रोझलिनना पंख्याखाली बसवून स्वतःच्या हातानं अत्तर लावलं, गुलाबपाणी शिंपडलं. वाळ्याच्या पडद्यातून गार झुळूक येत होती, गौर पाळण्यात झुलत होती, बायकांचं बोलणं लांबून आल्यासारखं वाटत होतं. पाकीट आता फार दूर नाही, असं मला वाटू लागलं.

तेवढ्यात सासूबाई खणखणीत आवाजात म्हणाल्या, "चला, आता सिस्टर नाव घेतील!"

माझी झोप उडाली. मी त्यांना कोपऱ्यात ओढलं. "आई! काय हे!"

"अगं, तुलाच विचारलं ना त्या दिवशी? नाव घ्यायला सांगू का म्हटलं, तर तू 'हं' म्हणालीस. अंगठी आहे, तर नाव नको?"

चार वर्षांची नोकरी माझ्या डोळ्यांदेखत पन्ह्यात बुडाली! शेजारच्या ठाकूरभाभी सिस्टर रोझलिनना समजावत होत्या, "अरे सिस्टरजी, कछु नी, बस अपने उनका नाम लेनो है, कविता में."

"उनका?" सिस्टर रोझलिन बावरून म्हणाल्या. "मुझे तो ये नहीं आता, भाभी."

आणि दाराजवळच्या मोढ्यावरून, वाणात मिळालेली साबणाची डबी हातात धरून, सिस्टर अ‍ॅग्नेस उठल्या.

"मी घेऊ?" त्या म्हणाल्या. स्वच्छ, नगरी मराठीत!

"थोरलीला चांदीचा करंडा, धाकटीला साबणाची डबी,
येशूचं नाव घेते, चैत्रगौरीपुढे उभी!"

बायकांनी टाळ्यांचा कडकडाट केला. सासूबाईंनी तर त्यांच्या गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली. मी मात्र भिंतीला टेकून उभी होते. "ही जास्तीची", "तीच द्या", "दिसायलाही गरीब": माझं एकेक वाक्य परत येऊन मला भेटत होतं. शरमेनं मला रडू यायचं बाकी होतं.

निघताना सिस्टर अ‍ॅग्नेस म्हणाल्या, "माझं माहेर श्रीरामपूरकडचं, ताई. धारला इतकी वर्षं काढली, पण घरातली मराठी कानावर पडली नाही. आज पोटभर ऐकली."

पोटभर! मी दोन दिवस जेवले नाही.

मी स्वतःची समजूत घातली, ऐकलं ते धाकटीनं. सही तर थोरलीची आहे. जूनमध्ये बोलावणं आलं. ऑफिसात शिरले, तर खुर्चीवर सिस्टर अ‍ॅग्नेस.

"बसा," त्या म्हणाल्या. "सिस्टर रोझलिनची मुदत संपली. त्या धारजवळ तिरल्याला गेल्या, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकघर बघायला. आता इथली सुपीरियर मी."

पदांची सगळी उतरंड मला पाठ होती. पण ही पदं मुदतीची असतात, काल सुपीरियर असलेली आज आनंदानं पोळ्या लाटायला जाते, हे एवढंच मला ठाऊक नव्हतं! (सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी कपाळाला हात लावला. "किल्लेदार पुन्हा मुदपाकखान्यात? आणि राजीखुशीनं? आमच्या दरबारात तलवारी निघाल्या असत्या!")

मी घाम पुसत म्हणाले, "सिस्टर, त्या दिवशी मी फार वाईट बोलले. मला माफ करा."

"मुली तुमच्या तासाला हसतात म्हणे," त्या म्हणाल्या. "हसत हसत पाठही करतात. मी चौकशी केली." आणि त्यांनी एक लांबट पांढरं पाकीट पुढे सरकवलं. आत तो शब्द होता. कडुलिंब नव्हता, पण मला मोहराचा वास आला, खरंच आला.

उठताना नजर टेबलावर गेली. टाचण्यांनी भरलेली, हिरवी, ओळखीची.

"आम्हां सिस्टरांचं स्वतःचं काही नसतं," सिस्टर म्हणाल्या. "करंडा मठाच्या कपाटात गेला. ही डबी मात्र मी मागून घेतली. कामाची आहे."

आता रोज सकाळी मी त्याच ऑफिसात सही करायला जाते. नोकरी कायम झाली आहे, डबीसुद्धा.