धाकट्याचा हलका पाय

आमच्या ताईनं उभा जन्म कोळसा करण्यात घालवला, असं तिचा धाकटा भाऊ येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचा, आणि त्यात खोटं काही नव्हतं. ती कार्बनचे धागे बनवणाऱ्या प्रयोगशाळेतली मोठी केमिस्ट. पांढरा धागा भट्टीत हळूहळू पिवळा, मग तपकिरी, मग काळा करायचा. घाई केली की सगळे धागे चिकटून गोळा. पुढच्या भट्टीत हवा शिरली की राख. असे धागे राळेत भिजवून, थरावर थर दाबून ती पाय बनवत होती. अक्षरशः पाय, गुडघ्याखाली लावायचा, चिवट आणि ओल्या टॉवेलाहून हलका.

कारण धाकट्याचा डावा पाय अपघातात गेला होता. तो कपड्यांच्या कारखान्यात कटिंग मास्तर, दिवसभर टेबलाशी उभं राहून कापड कापायचं काम. मिळालेला नकली पाय धोंड्यासारखा जड, म्हणून सगळा भार उजव्यावर. तुझा पाय मी करीन, असा शब्द ताईनं त्याला इस्पितळातच दिला होता.

पहिला पाय तसा लवकर झाला. सहकाऱ्यांना पसंत पडला, हिला नाही. त्यांची रीत अशी की एकाच साच्यातून दोन पाय काढायचे, त्यातला एक तुटेपर्यंत यंत्रात दाबायचा आणि तो टिकला तेवढा जुळाही टिकेल असं धरून दुसरा द्यायचा. ही जुळाही मोडायची. न मोडलेल्यावर हिचा विश्वास बसेना, आणि मोडलेला देणार कुणाला? खिडकीत तुटक्या पायांची रांग लागली. कुणी एक दाराला अडकण म्हणून लावला, कुणी कुंडीतल्या वेलाला आधार दिला. हसण्यात तीही सामील व्हायची. पण धाकट्याचा पाय भररस्त्यात तुटला तर, या भीतीनं तिची पाठ कधी सोडली नाही.

धाकटा आधी दर भेटीत विचारायचा, शिजला का गं माझा पाय? मग चारचौघांत गंमत म्हणून विचारू लागला. मग विचारेनासाच झाला. किती समजूतदार आहे, असं तिला वाटलं. या वाटण्याची तिला पुढे फार लाज वाटली.

शेवटी तिच्या मनासारखा पाय झाला. या वेळी त्याचा जुळा न मोडता ती धाकट्याकडे घेऊन गेली. तोवर धाकट्याचा उजवा गुडघा पार कामातून गेला होता, नोकरी सुटली होती, आणि तो दिवसभर खुर्चीत असायचा. हे सगळं तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. भट्टीतून मान वर काढली असती तर दिसलंही असतं.

त्यानं पाय मांडीवर घेतला, कापड चाचपावं तसे काठ चाचपले. काम सुरेख झालंय म्हणाला. तिला राहवलं नाही.

"रागावलायस का रे?"

"राग नाही गं," तो म्हणाला. "पण ताई, पहिलाच दिला असतास ना, तर वर्षभरात मोडला असता तरी चाललं असतं. त्या वर्षात मी पोरीच्या सायकलमागे पळून घेतलं असतं."

पोरगी आता नोकरीला जात होती. ताई पायाकडे बघत राहिली. मोडला असता तर तिनं दुसरा करून दिला असता. इतकी साधी गोष्ट या मोठ्या केमिस्टबाईंना इतक्या वर्षांत एकदाही सुचली नव्हती.