अण्णांचं सागवानी पिस्तूल

शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप आला तेव्हा मी मानपाड्याच्या घरी वाल सोलत होते. विठ्ठलवाडीचे आमचे मोठे दीर, अण्णा, गेले... महिना उलटला, पण अजून खरं वाटत नाही.

अण्णा शस्त्रांच्या कारखान्यात फिटर. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला निघालेल्या एका जर्मन पिस्तुलाचं त्यांना भारी वेड. तिथल्या कारखान्यातल्या तिघा भावांनी ते फावल्या वेळात जुळवलं, हे सांगताना आपल्याच चुलत्यांचं कौतुक चालल्यासारखा चेहरा व्हायचा. गोळी सुटली की तिच्याच धक्क्याने नळी आणि तिच्यामागचा सरकता दांडा, म्हणजे बोल्ट, मागे येतात, रिकामं काडतूस बाहेर पडतं, पुढे जाताना बोल्ट नवं भरतो. चीनमध्ये त्याच्या नकला निघाल्या, पुढच्या कितीतरी पिस्तुलांनी ही युक्ती उचलली... मी पदराआड जांभया देत असे.

ऐंशी सालानंतर त्यांची छाती बिघडली. कारखान्याच्या धुळीतून सुटायचं तर ठाण्याच्या प्रशिक्षण केंद्रातली शिक्षकाची जागा मिळायला हवी होती, आणि त्यासाठी एक पाठ घेऊन दाखवायचा होता. अण्णांनी सागवानातून तेच पिस्तूल कोरलं, बोल्ट खराखुरा मागेपुढे होणारं. खंडेनवमीला कानस, पकडीशेजारी तेही पाटावर बसलं. तेव्हा आम्ही सगळे एकाच घरात, पूजा माझ्याकडे. दोन लेकरांची आई, पण अक्कल परकरातलीच! कानशीला कुंकवाचं एक बोट, आणि पिस्तूल नवं पाहुणं म्हणून त्याला ओलं कुंकू माखूनच काढलं. पूजेतल्या हत्याराला दसऱ्यापर्यंत आमच्यात कुणी हात लावत नाही. त्यामुळे दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ते कापडात गुंडाळून तसंच ठाण्याला गेलं.

तिथे बोल्ट जागचा हलेना. साहेब घड्याळ बघू लागले. मग अण्णांनी पिस्तूल बाजूला ठेवलं आणि डाव्या पंजात उजवी मूठ सरकवत, मधूनमधून खोकत, सगळं समजावलं. जागा मिळाली. मी घरात तोंड लपवत होते, तर म्हणाले, "सुमन, पुढच्या वर्षी त्याला साडीपण नेसव."

धूळ सुटली, खोकला नाही सुटला. तरी शिकवण्याची दहाएक वर्षं मिळाली त्यांना.

तेराव्यानंतर जाऊबाईंनी ते फडताळातून काढलं. त्यांचं कपाळ मोकळं. मी टिकली तरी लावा म्हटलं होतं, त्यांनी नको म्हणून मान हलवली होती. बोल्टच्या फटीत वाळलेलं कुंकू अजून तसंच. आणा, काडीने काढते, मी म्हटलं.

"नको गं. त्यांनी कधी मलासुद्धा काढू दिलं नाही."

मग पदराच्या टोकाने त्या पिस्तूल पुसत राहिल्या... फट तेवढी सोडून.