पुढची सीट मागं आली तेव्हा

आज पुणे-नागपूर विमानात पुढच्या पोरीनं सीट एकदम मागं केली. माहा चहा सांडता सांडता वाचला.

मी अकोल्याची बाई. बोलली तिले, "काहून वो माय, माह्या मांडीवर झोपतं का?"

आमच्या एसटीत अकोल्याले असं भांडण लागलं, तं बडनेरा येईपर्यंत एकमेकींच्या सुना कशा हायेत ते समजते. मी त्याच तयारीत होती.

ती पोरगी म्हणे, "सॉरी आंटी." सीट सरळ केली अन् कानात हेडफोन घातले. झालं. नागपूरपर्यंत मी त्या सीटच्या पाठीकडंच पाहत बसली.

आता नागपूरच्या घराचं कुलूप उघडून लिहून राहिली. इथं तं भांडाले पण कोणी नाही.

सीट मागं होती तेव्हा कोणाचं तरी डोकं माह्याजवळ होतं. तुमी असता, तं टोकलं असतं का?