डागांवरून तारीख

उद्यानातली मोठी गाडी कधी सुरू होणार, हे ज्याला खरोखर जाणून घ्यायचं असे, तो उद्यानाच्या फाटकावरचा फलक वाचत नसे. तो आमच्या मावशीच्या लॉन्ड्रीत येई. फलकावरची तारीख तोवर चार वेळा बदलली होती. जुनी खोडायचेही कष्ट न घेता प्रत्येक वेळी वर नवी पट्टी चिकटवत, त्यामुळे तेवढ्या जागी फलक चांगला जाडजूड झाला होता.

रोलर कोस्टर हे तिचं कागदावरचं नाव, आमच्या भागात तिला नुसतं ‘गाडी’ म्हणतात. जुनी गाडी लाकडी होती. लाकूड कुजलं म्हणून ती उतरवली आणि त्याच जागेवर, त्याच वळणांची पोलादी गाडी उभी राहायला लागली. लॉन्ड्री फाटकासमोरच, मधे फक्त रस्ता. कामगारांच्या डांगऱ्या, म्हणजे गळ्यापासून घोट्यापर्यंतचे ते निळे एकसंध कपडे, धुवायचं काम मावशीला मिळालं आणि तिची भविष्यवाणी सुरू झाली.

शितावरून भाताची परीक्षा, तशी डागावरून बांधकामाची, असं तिचं म्हणणं. गुडघ्यापर्यंत माती असेल तर पाया खणतायत. बाह्यांच्या कडा सिमेंटने ताठ झाल्या म्हणजे पाया भरतायत. खांद्यावर गंजाचे पट्टे आले की खांब उचलायला लागले. छातीवर टाचणीच्या डोक्याएवढी जळकी भोकं म्हणजे वेल्डिंग. मग ग्रीस, आणि शेवटी रंग. त्यातही रंग कमरेला असेल तर माणूस कुंपण रंगवतोय, त्यावर विसंबायचं नाही. खांद्यावर ठिपके पडले असतील तर वरचे रूळ रंगतायत. याच विद्येवर तिने पूर्वी जलतरण तलावाची तारीख सांगितली होती. फलक म्हणत होता जून, मावशी म्हणाली डिसेंबर. डिसेंबरात पहिल्या दिवशी पोहून आलेले लोक कुडकुडत आमच्याकडे टॉवेल टाकून गेले.

मावशीचा दुसरा गुण (तिच्या मते तो गुण आहे) असा की समोरच्याला बरं वाटावं म्हणून ती एक अक्षर बोलत नाही. मुलाखतीच्या सकाळी कोट घेऊन धावत आलेल्या माणसाला तिने सांगितलं, “हा डाग जायचा नाही. दुसरा कोट घाला, नाहीतर दुसरी नोकरी बघा.” माझ्या आईने, म्हणजे तिच्या सख्ख्या बहिणीने, एकदा नव्या पडद्यांचा रंग कसा वाटतो असं विचारलं. त्यानंतर दोघी वर्षभर एकमेकींशी बोलत नव्हत्या. मी काउंटरवर बसते. पावत्या फाडणं आणि दुखावलेल्या गिऱ्हाइकांची समजूत काढणं ही माझी कामं, पैकी दुसऱ्याला वेळ जास्त लागतो.

तारखांच्या बाबतीत मावशीला एकच प्रतिस्पर्धी होता. बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ, गळ्यात कायम दुर्बीण, म्हणून त्यांचं नाव दुर्बीणवाले. शेजारच्या बेकरीच्या गच्चीत खुर्ची टाकून ते खांब मोजत आणि संध्याकाळी इंटरनेटवर जगभरच्या गाडीवेड्यांना आपला अंदाज कळवत. एकूण खांब चौऱ्याण्णव, आठवड्याला सहा, मधल्या सुट्ट्या वजा, असलं त्रैराशिक.

“उंटावरून शेळ्या हाकतायत,” मावशी म्हणे. “खांब मोजून काय होतंय? खांब उभे राहतात, माणसं बसून राहतात. ती कोण मोजणार?”

सगळा रस्ता मावशीला तारीख विचारायचा, एक माणूस सोडून. ते माझे काका, मावशीचे यजमान. चोवीस वर्षं जुनी गाडी त्यांनी चालवली. फलाटावर उभं राहून प्रत्येकाचा पट्टा ओढून बघायचा, गाडी सोडायची आणि ती परत आली की लाकडी दांडा खेचून ब्रेक लावायचा. गाडी पाडल्यावर त्यांना लहान मुलांच्या रेलगाडीवर बसवलं. ती चालत्या माणसाच्या वेगाने तळ्याभोवती फिरते आणि बहुतेक वेळा आपोआपच थांबते. काका तक्रार करत नसत, फक्त तिची शिट्टी वाजवायला त्यांनी साफ नकार दिला होता.

उद्यानाच्या व्यवस्थापकांनी त्यांना शब्द दिला होता, नवी गाडी पहिल्यांदा तुम्हीच सोडायची. अडचण एवढीच की सप्टेंबरच्या तीस तारखेला काकांना साठ पूर्ण होऊन ते निवृत्त होणार होते, आणि निवृत्त माणसाला फलाटावर उभं करायला विमा कंपनी तयार नव्हती. तीसच्या आत झालं तर झालं. हे सगळ्यांना ठाऊक होतं, म्हणून काका दुकानात आले की तारखेच्या गप्पा बंद पडत आणि लोक एकदम हवापाण्यावर बोलू लागत.

ऑगस्टातल्या एका दुपारी काका डांगऱ्यांचं गाठोडं सायकलवरून घेऊन आले. रोज तेच आणायचे. मावशीने वरची डांगरी झटकली आणि तिचा हात थांबला. बाह्या ताठ. ऑगस्टात सिमेंट! एव्हाना ग्रीस यायला हवं होतं. कुठला तरी पाया उकरून पुन्हा भरावा लागत होता. इतक्या वर्षांत हा हिशेब मलाही यायला लागला होता. ऑक्टोबर संपेपर्यंत काही खरं नव्हतं.

काका पाणी प्यायले, निघाले आणि दारात थांबले. पाठमोरेच म्हणाले, “काय गं, कधी होईल म्हणतेस?”

मावशीने हातातल्या डांगरीची नीट घडी घातली. न धुतलेल्या कपड्याची घडी घालताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं.

“तीसच्या आत होतंय,” ती म्हणाली. “चांगलं आठवडाभर आधी. बघाच तुम्ही.”

“बरं,” म्हणून काका गेले.

“मावशी, अगं पण सिमेंट...”

“इस्त्री तापली का बघ.”

मला खरं तर भीतीच वाटली. ज्याला खोटं बोलायची सवय नाही तो एकदा बोलला की ते निस्तरायला आकाशपाताळ एक करतो, आणि त्या आकाशपाताळात मी नक्की सापडणार होते.

झालंही तसंच. बांधकामावर एक नियम होता. डांगरीवरचे चमकते पट्टे चमकलेच पाहिजेत, मळले असतील तर फाटकावरचा पहारेकरी माणसाला वर चढू देत नसे. प्रत्येकाकडे दोनच डांगऱ्या, आणि आमच्याकडून धुऊन जायला तीन दिवस लागायचे. त्यामुळे रोज सातआठ जण स्वच्छ कपड्यांची वाट बघत खाली पत्ते कुटत बसलेले असत. हे काकांनीच कधीतरी जेवताना गंमत म्हणून सांगितलं होतं. तेव्हा मावशी हसली होती. आता तिला त्यात गंमत वाटेना.

“सकाळी आलेलं गाठोडं संध्याकाळी परत,” तिने फर्मान काढलं.

“आणि वाळवायचं कुठे?” मी विचारलं. आमचं वाळवायचं यंत्र एका वेळी सहा डांगऱ्या घेतं, आणि सातवी घातली की रुसून बंद पडतं.

मावशी तडक बेकरीत गेली. बेकरीवाल्याकडे काय बोलली कोण जाणे, पण तासाभरात भट्टीच्या मागच्या खोलीत दोऱ्या बांधल्या गेल्या. तिथे डांगऱ्या दीड तासात खडखडीत वाळत. एकच झालं, त्यांना ताज्या पावाचा वास लागला. महिनाभर ती सगळी फौज पावासारखी घमघमत खांबांवर चढत होती आणि अकरा वाजताच सगळ्यांना भूक लागत होती. बेकरीवाल्याची विक्री वाढली, त्यामुळे तोही खूश होता.

माझी मात्र बोटं सुरकुतली. पहाटे साडेपाचला पहिलं यंत्र, मग पट्टे हाताने घासायचे, कारण नुसत्या यंत्राने त्यांना चमक येत नाही. मावशी स्वतः माझ्या दुप्पट घासत होती, त्यामुळे मला कुरकुरायची सोय नव्हती. घासता घासता ती एकदाच म्हणाली, “त्या रेलगाडीवरूनच निवृत्त होऊन घरी आले ना, तर मला बघवायचं नाही गं.” आणि पुन्हा ब्रश हातात घेतला. काका मात्र निवांत होते. सकाळी गाठोडं टाकायचे, संध्याकाळी घेऊन जायचे, तारखेच्या बाबतीत ताकास तूर लागू देत नव्हते.

इकडे दुर्बीणवाल्यांचं गणित कोसळलं. आठवड्याला सहाचे नऊ खांब व्हायला लागले होते. “कामाचा वेग का वाढला याचा उलगडा होत नाही,” ते डांगऱ्यांच्या ढिगाऱ्याला टेकून मला सांगत होते. “बहुतेक नवी क्रेन आली असावी. पण दिसत कशी नाही?” इंटरनेटवर त्या न दिसणाऱ्या क्रेनवर बराच खल झाल्याचं नंतर कळलं.

ग्रीस आलं. सप्टेंबरच्या विसाव्या दिवशी खांद्यावर तांबडे ठिपके आले. मावशी प्रत्येक गाठोडं उघडताना ओठ हलवून दिवस मोजायची आणि शेवटी मान हलवायची. कितीही ओढून ताणून बसवलं तरी उघडायची तारीख ऑक्टोबरातच जात होती.

मग अठ्ठावीसला भर दुपारीच एक चमत्कारिक गाठोडं आलं. दहाबारा डांगऱ्या छातीवर ओल्या, आणि बाकी स्वच्छ. माती नाही, ग्रीस नाही, साबणाचा वास नाही. मावशीने उजेडात धरून पाहिलं, हुंगून पाहिलं.

“नुसतं पाणी? छातीवरच?” ती म्हणाली. “हे मला येत नाही बाई.” आणि खुर्चीत बसली. आयुष्यात पहिल्यांदा एक डाग तिला वाचता आला नव्हता, तोही नेमका शेवटच्या आठवड्यात.

तीस तारीख उजाडली. फाटक बंदच होतं. फलकावर पाचवी पट्टी आली होती, ‘लवकरच’. मावशीने त्या दिवशी दोन गिऱ्हाइकांचे कपडे अदलाबदल करून दिले.

सहाच्या सुमाराला काका आले. एका काखेत भेट मिळालेलं भिंतीवरचं घड्याळ. उद्यापासून ज्याला कुठेच वेळेवर पोचायचं नाही त्याला घड्याळ का देतात, मला कळत नाही. त्यांच्या गणवेशाच्या शर्टाचा डावा खांदा चिंब भिजला होता, आणि चेहरा असा की मी त्यांना खुर्ची द्यायचंही विसरले.

“एकतीस फेऱ्या,” ते म्हणाले.

“कशाच्या?” मावशीने विचारलं.

“गाडीच्या. तीन दिवसांत एकतीस. माणसं बसवायच्या आधी चाचणी घेतात ना. प्लास्टिकची धडं असतात, त्यात सत्तर सत्तर किलो पाणी भरायचं, पट्टे लावायचे आणि सोडायची गाडी. ती भरून बसवताना पोरांच्या छात्या भिजतात, आणि एक धड मानेपाशी गळतं, ते उचलायला मीच जात होतो.” त्यांनी ओला खांदा दाखवला. “पहिली गाडी मी सोडली. कुणी किंचाळलं नाही, कुणाची टोपी उडाली नाही. चोवीस वर्षांत इतके शहाणे प्रवासी मिळाले नव्हते.”

मावशीने तोंडावर हात ठेवला. मला वाटलं हसतेय, पण ती रडत होती.

“चाचणीला कंपनीचा माणूस असतो खरा,” काका सांगत होते. “मी बांधकामावरच्या इंजिनिअरबाईंना ऑगस्टातच गाठलं. म्हटलं, लोकांची पहिली गाडी काही माझ्या नशिबात नाही, निदान पाण्याची तरी द्या. त्या म्हणाल्या, चाचणी तुमच्या नोकरीत बसली तर देते. बसायची नव्हती, ऑक्टोबरातच जात होती. पण माणसं खाली बसायची थांबली आणि बारा दिवस वाचले.” मग माझ्या बोटांकडे बघून म्हणाले, “तुझेपण उपकार आहेत गं.”

मावशीने डोळे पुसले आणि तिच्या लक्षात आलं. “ऑगस्टात? पण तेव्हा तर मी तुम्हाला तीसच्या आत म्हणून सांगितलं होतं. नशिबात नाही हे तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तूच.”

“मी कधी?”

“अगं, पडद्यांवरून सख्ख्या बहिणीशी वर्षभर अबोला धरलास, पण रंग चांगला आहे म्हणाली नाहीस. जन्मात कुणाला बरं वाटावं म्हणून बोललेली नाहीस तू,” काका म्हणाले. “त्या दिवशी माझ्याशी गोड बोललीस. तेव्हाच समजलो, तीसच्या आत काही होत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी इंजिनिअरबाईंच्या दारात उभा होतो.”

 मावशीने उठून काकांच्या शर्टाची बटणं काढली, तो ओला शर्ट त्यांच्या अंगावरून उतरवला आणि हातावर घेतला.

“आता खरं सांग,” काका बनियनवर उभे राहून म्हणाले. “लोकांसाठी कधी उघडणार?”

तिने ओला खांदा चिमटीत धरून उजेडात पाहिला.

“ऑक्टोबरची चोवीस,” ती म्हणाली. “आणि चोवीसला आपण दोघं रांगेत. इतकी वर्षं मला चक्कर येते म्हणून कधी बसले नाही. आता आली तर तुमच्याच अंगावर कोसळेन.”