डाव्या बाजूची सीट

मला मॅनेजरची जागा मिळाली त्या वर्षी कंपनीने गाडी दिली. दिली म्हणजे लीजवर. गाडी लीजिंगवाल्यांच्या नावावर, हप्ता माझ्या पगारातून, आणि चार वर्षांनी वाटलं तर ती आपल्या नावावर करून घ्यायची, नाहीतर परत द्यायची. अंबरनाथच्या एमआयडीसीत औषधांच्या कारखान्यात मी क्वालिटी कंट्रोलला होते. आमच्या खात्यात अशी गाडी घेणारी मी पहिलीच बाई. हे, म्हणजे माझे मिस्टर, उल्हासनगरला कॅम्प चारमध्ये मराठी शाळेत शिकवत होते. त्यांना गाडी चालवायची कधी हौसच नव्हती. मी शिकले, आणि ते डाव्या बाजूला बसले.

आम्ही बदलापुरात कुळगावला राहायचो, मी, हे आणि माझ्या सासूबाई, म्हणजे आई. सकाळी मी ह्यांना शाळेच्या फाटकापाशी सोडून उलटी अंबरनाथला यायची. संध्याकाळी ते शाळेतून रिक्षाने कारखान्याच्या गेटवर येऊन थांबायचे आणि आम्ही बरोबर घरी परतायचो. पांढरी गाडी, आतून करडी, नव्या प्लॅस्टिकचा वास. पहिले काही दिवस आम्ही अगदी लहान मुलांसारखे खूश होतो. हे खिडकीची काच उगाचच खाली-वर करायचे.

मग एका सकाळी चिखलोली ओलांडल्यावर म्हणाले, "ही सीट पाठीत काहीतरी बोचते गं."

मी म्हटलं, "लिव्हर ओढून थोडी मागे करा."

त्यांनी केली. दुसऱ्या दिवशी पुढे केली. नंतर उभी केली, मग आडवी. आईंच्या खोलीतली उशी आणून कमरेमागे ठेवली. उशीने आणखीच त्रास होतोय म्हणून ती मागच्या सीटवर फेकली. मी एकदा गाडी बाजूला घेऊन स्वतः त्या सीटवर बसून बघितलं. दोन्ही हातांनी पाठीमागचा भाग दाबला. मला काहीच लागलं नाही.

"इथे," ते म्हणाले आणि हात मागे वळवून पाठीच्या मधोमध बोट टेकवलं. "बरोबर इथे. कुणीतरी आतून अंगठा दाबून धरल्यासारखं."

मला तेव्हा ते ऐकून हसू आलं होतं.

उल्हासनगरला सीट कव्हरांच्या दुकानांची एक अख्खी रांग होती. त्यातल्या एका दुकानदाराकडे गेलो. तो सिंधी, तोंडाने गोड. "साईं, बैठो, चाय मंगवाता हूँ," म्हणत त्याने सीट खोलायला लावली. फोम बाहेर काढला, स्प्रिंगा हलवून दाखवल्या. "मॅडम, सीट में कुछ नहीं है. नई गाडी है." आम्हाला वाटलं, ह्याला काम टाळायचंय. आम्ही हट्टाने जाड फोम घालून घेतला, वर मऊ कापडाचं कव्हर. परत येताना मी विचारलं, "आता?" हे बाहेर बघत म्हणाले, "बरंय." ते खोटं बोलतायत हे मला त्यांच्या हातावरून कळलं. दरवाजाच्या वरचं हँडल त्यांनी घट्ट धरलं होतं, बोटं पांढरी पडेपर्यंत.

त्यानंतर मला त्यांच्या हाताकडेच बघायची सवय लागली. चिखलोलीजवळ रस्ता खचलेला होता, तिथे गाडी आपटायची. तो खड्डा यायच्या कितीतरी आधी त्यांचा हात वर जायचा. पूर्वी गाडीत बसले की शाळेतल्या गमती सांगायचे, कुणी कशी उत्तरं लिहिली, कोणते सर स्टाफरूममध्ये घोरले. आता बोलणंच बंद झालं होतं. एसी चालू असूनही कपाळावर घाम असायचा. मी गाडी इतकी हळू चालवायची की मागचे रिक्षावाले हॉर्न वाजवून वाजवून शिव्या देत पुढे निघून जायचे.

घरी आल्यावर ते पलंगावर पालथे पडायचे. मी पाठ चोळून द्यायची. संध्याकाळी अंग कोमट लागायचं. मला वाटायचं, उन्हातून आलेत. पँट कमरेला ढिली झाली होती, तर आई म्हणाल्या, "त्या गाडीनं पोराचं रक्त शोषलंय."

आमच्या घरात असलं बोलणं कधी नव्हतं. धम्मदीक्षा घेतल्यावर घरातले देव-देव्हारे, अंगारे-धुपारे सगळं आईंच्या सासऱ्यांनी बाहेर काढलं होतं, आणि आई ते अभिमानाने सांगायच्या. खालच्या मजल्यावरच्या वहिनींनी एका शनिवारी आमच्या गाडीला न विचारता लिंबू-मिरची बांधली, तेव्हा आई स्वतः जिना उतरून गेल्या आणि ती तोडून टाकली. "आमच्याकडं हे चालत नाही," एवढंच म्हणाल्या. पण त्या दिवसापासून त्याही गाडीत बसेनाशा झाल्या. बाजाराला जायचं तर रिक्षाने जायच्या. कारण विचारलं की म्हणायच्या, "मला त्यात गुदमरल्यासारखं होतं."

मी बीएस्सी केमिस्ट्री. दिवसभर काचेच्या नळ्यांमध्ये औषधाचा कण न् कण तपासणारी. पण खरं सांगते, सकाळी किल्ली फिरवताना मला त्या रिकाम्या डाव्या सीटकडे बघवेना. हे बिल्डिंगच्या दारातून यायचे, गाडीचा दरवाजा उघडायचे, आणि आत न बसता क्षणभर उभे राहायचे. डेंटिस्टच्या खुर्चीकडे माणूस बघतो तसे त्या सीटकडे बघायचे. मग एक हात छतावर, एक गुडघ्यावर, असे हळूहळू स्वतःला आत सोडायचे.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी पाठ ठोकून बघितली. "रोजचा किती प्रवास? रस्ते कसे आहेत माहितीये ना? हल्ली सगळ्यांचीच पाठ दुखते." त्यांनी गोळ्या दिल्या, कमरेचा पट्टा दिला आणि म्हणाले, "सीट तरी बदला, नाहीतर गाडी तरी."

सीट बदलून झाली होती. राहिली गाडी.

कारखान्यात लीजची कामं बघणारे एक साहेब होते, रिटायरमेंटला आलेले, चष्मा कपाळावर ठेवून बोलणारे. मी त्यांना म्हटलं, "मला लीज मोडायचीय."

"मोडायचीय? अहो, अजून वर्ष नाही झालं. दंड पडेल. पुन्हा ह्या योजनेत तुमचं नाव येणार नाही."

"चालेल."

"ॲक्सिडेंट केलात?"

"नाही."

"मग इंजिनाचं काही? आपण कंपनीला धरू."

"इंजिन चांगलं आहे. मिस्टरांना सीट बोचते."

त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे नीट बघितलं. "मॅडम, सीट बोचते म्हणून लीज मोडलेली मी आजवर बघितली नाही. कारण काय टाकू?"

"टाका, गाडी सोयीची नाही."

ते हसले. जेवणाच्या सुट्टीपर्यंत सगळ्या खात्यात ही गोष्ट पसरली होती. कुणी म्हणालं, नवऱ्याला बायको गाडी चालवते ते बोचत असेल. मी ते ऐकलं आणि डबा उघडला. मला खरोखर हलकं वाटत होतं. एकदा ती गाडी फाटकाबाहेर गेली की सगळं पूर्वीसारखं होईल, ह्यावर माझा पक्का विश्वास बसला होता.

रविवारी सकाळी दोन माणसं गाडी न्यायला आली. एकाने भोवती फिरून ओरखडे तपासले, टायर बघितले, माझ्या सह्या घेतल्या. मी वर आले तर हे गॅलरीत कठड्याला धरून उभे होते. मीही शेजारी उभी राहिले. खाली एक जण स्टिअरिंगवर बसला. दुसरा डाव्या बाजूला बसला, पाठ मागे टाकली, मान टेकवली, पाय लांब केले आणि खिशातून तंबाखूची पुडी काढली. गाडी मागे घेताना दगडावरून गचकन उतरली, तरी त्याचा तळहातावरचा अंगठा मळायचा थांबला नाही.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली तेव्हा हे म्हणाले, "त्याला काहीच झालं नाही."

"कशाचं?"

"सीटचं. बघितलंस ना, कसा आरामात बसला होता."

मी म्हटलं, "त्याला रोज थोडंच बसायचंय." पण इतके दिवस मनात आणलं नव्हतं ते त्या माणसाकडे बघताना समोर येऊन उभं राहिलं होतं, आणि मी त्याच्याकडे पाठ फिरवून स्वयंपाकघरात निघून गेले.

पुढचे काही दिवस बरे गेले. निदान आम्ही तसं ठरवलं होतं. हे सकाळी मुद्दाम मोठ्याने म्हणायचे, "आज झोप छान लागली." आईंनी गोडाचा शिरा केला. मी पुन्हा कंपनीच्या बसने जायला लागले.

मग मी एकदा त्यांच्याबरोबर रिक्षात बसले होते. खड्डा नव्हता, रस्ता सरळ होता. सहज बघितलं तर त्यांचा हात समोरच्या लोखंडी दांड्यावर होता. बोटं पांढरी.

"अहो, इथेपण?"

ते समोर बघत राहिले. "शाळेतली खुर्चीपण बोचते," हळूच म्हणाले. "परवा बाक बदलून बघितला. तोपण बोचला."

रिक्षावाल्याने आरशातून आमच्याकडे बघितलं. ती सीट आता सगळीकडे होती. शाळेत, घरात, आमच्या पलंगात. ती आम्ही परत केलीच नव्हती.

मी म्हटलं, उद्याच्या उद्या मोठ्या डॉक्टरकडे जाऊ. उद्या ह्यांच्या शाळेत परीक्षा होती. परवा जाऊ, असं ठरलं.

त्याच संध्याकाळी आम्ही तिघं चहा पीत होतो. गॅलरीचं दार वाऱ्याने आपटत होतं, म्हणून ते लावायला हे उठले. उजवा पाय पुढे टाकला आणि तिथेच थांबले. टेबलाची कड धरली. चेहऱ्यावर वेदना नव्हती, नुसतं आश्चर्य होतं.

"माझा पाय येत नाहीये," ते म्हणाले.

आई म्हणाल्या, "मुंग्या आल्या असतील. आपट जमिनीवर."

"आई, तो येतच नाहीये."

डावा पाय मागे फरशीवर दुसऱ्याच कुणाचा असल्यासारखा राहिला होता. मी खाली बसून त्याला चिमटा काढला. त्यांना कळलं नाही. मी पुन्हा काढला, जोरात, नख रुतेपर्यंत. ते वरून विचारत होते, "काय करतेयस?"

लिंबू-मिरची बांधणाऱ्या त्याच वहिनींच्या घरी व्हॅन होती. त्यांच्या मुलाने मागची सीट काढली, गादी टाकली, चौघांनी मिळून ह्यांना आडवं ठेवलं. आम्ही कल्याणला निघालो. मी शेजारी उकिडवी बसून त्यांचं डोकं धरलं होतं. वाटेत म्हणाले, "झोपून बरं वाटतंय गं." पूर्ण वाटेत तेवढंच बोलले.

तिथल्या डॉक्टरांनी रात्रीत सगळ्या तपासण्या करून घेतल्या आणि सकाळी एमआरआयची फिल्म उजेडावर लावली. मला त्यातलं काही समजायची गरज पडली नाही. पांढऱ्या चौकोनांची एक सरळ रांग, आणि मधे दोन चौकोन उंदराने कुरतडल्यासारखे. ह्यांनी गाडीत पाठीला बोट लावून दाखवलं होतं, बरोबर तिथे.

"मणक्याचा टीबी आहे," डॉक्टर म्हणाले. "पू साठून नसेवर दाब आलाय. कधीपासून दुखतंय?"

मी म्हटलं, "गाडी आली तेव्हापासून."

"त्याच्या आधी?"

मी नाही म्हणायला तोंड उघडलं, पण ह्यांनी पलंगावरून उत्तर दिलं. "आधीपण थोडं होतं. फळ्यावर वर लिहायला हात उचलला की. पण मी दिवसभर उभा असायचो ना, तेव्हा लक्षात नाही आलं. गाडीत नुसतं बसून राहावं लागायचं."

डॉक्टर म्हणाले, "अजून थोडं थांबला असतात तर दोन्ही पाय गेले असते."

ऑपरेशन झालं. नंतर लाकडी फळीवर महिनोन् महिने झोपणं, छातीपासून कमरेपर्यंत कडक पट्टा, आणि सकाळी लघवी लाल करणाऱ्या गोळ्या, त्याही वर्षभराच्या वर. त्यातल्या एका गोळीचं औषध आमच्याच कारखान्यात तयार व्हायचं. त्याच्या बॅचचे नमुने माझ्या टेबलावर आले की मी ते दोनदा तपासायची. पाय सावकाश परत आला. आधी अंगठा हलला. आई पायाशी बसून तासन् तास त्या अंगठ्याकडे बघत असायच्या. पुढच्या वर्षी हे काठी घेऊन शाळेत रुजू झाले, नंतर काठीही सुटली. डावा पाय किंचित ओढत चालतात, पण ते आम्हालाच कळतं.

भीती मात्र काही गेली नाही. कुणी खोकलं, कुणाला थकवा आला, कुणी बसल्या जागी कूस बदलली की मी कान टवकारते.

मध्यंतरी एकदा आई बाजारातून आल्या आणि दाराशीच बसल्या. "ह्या नव्या चपला चावतात गं," म्हणाल्या. "पाय जड पडतोय."

मी ह्यांच्याकडे बघितलं, त्यांनी माझ्याकडे. हे उठून शर्ट घालायला गेले, मी खाली रिक्षा बोलवायला. आई ओरडत होत्या, "अरे, चपलांचं बोलतेय मी, चपलांचं!" डॉक्टरांनी पाय वाकवून बघितले, रक्त तपासलं, एक्स-रे काढला. काही नव्हतं. चपलाच घट्ट होत्या.

येताना त्यांना मोठ्या मापाच्या घेतल्या. तरी त्यानंतर बरेच दिवस आई पुढे चालत असल्या की मी मुद्दाम दोन पावलं मागे राहून त्यांच्या पायांकडे बघत चालायची.